कोरड्या केसांसाठी स्वयंपाकघरातलं कंडिशनिंग: ठाणे-नवी मुंबईच्या हवापाण्याला धरून

वाटीत काय कालवायचं ते नंतर बघू. आधी बाथरूममधली बादली बघा. बादलीच्या आतल्या कडेला, नळाच्या तोटीवर किंवा शॉवरच्या भोकांवर पांढरी, खरखरीत पुटं चढत असतील तर घरात येणारं पाणी जड आहे. शाळेच्या पुस्तकात याला कठीण पाणी म्हणतात. अशा पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, उलट साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून एक चिकट साय तयार होते आणि ती केसांवर बसते. त्यावर कितीही दही थापलं तरी केस दुसऱ्या दिवशी पुन्हा काथ्यासारखे.

धरणाचं पाणी बरंच हलकं असतं, मग ते ठाण्याकडे भातसाचं असो की वाशी-नेरूळकडे मोरबेचं. अडचण होते ती बोअरवेल किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळतं तेव्हा. घोडबंदर रोडच्या संकुलांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये केस अचानक राठ झाले तर शाम्पूला दोष देण्याआधी सोसायटीच्या वॉचमनला विचारा, टँकर कधीपासून येतोय.

घरीच तपासायचं असेल तर पारदर्शक बाटली एक तृतीयांश भरा, अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर ठीक. फेस कमी आणि पाणी दुधाळ, गढूळ झालं तर पाणी जड. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड या चाचणीला घेऊ नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो. पाणी जड निघालं तर सोपा उपाय आहे: केस नेहमीच्या पाण्याने धुवा, पण शेवटचे एक-दीड लिटर आरओचं पाणी डोक्यावरून ओता. साध्या कँडलच्या फिल्टरने पाण्याचा जडपणा जात नाही, हे लक्षात ठेवा.

केसाला नेमकं काय हवं असतं

डोक्याच्या बाहेर आलेला केस हा जिवंत भाग नाही. त्याला ‘पोषण’ मिळत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत. केसावर बारीक खवल्यांचं आवरण असतं, मंगलोरी कौलांसारखं, एकावर एक चढवलेलं. कौलं जागच्या जागी असली की केस चमकतो, बोटांतून सुळकन निघतो. ऊन, इस्त्री, रंग, जड पाणी, क्लोरीन, ओल्या केसांवर ओढलेला कंगवा यांनी कौलं उचकटतात. मग आतला ओलावा टिकत नाही, एक केस दुसऱ्यात अडकतो आणि गुंता होतो.

स्वयंपाकघरातले पदार्थ या कौलांवर तीन प्रकारे काम करतात. स्निग्ध पदार्थ, म्हणजे खोबरेल, नारळाचं दूध, दह्यातली साय, अंड्यातला पिवळा बलक, फटी बुजवतात आणि ओलाव्याची ये-जा कमी करतात. बुळबुळीत पदार्थ, म्हणजे जवस, मेथी, कोरफड, केसावर पातळ पापुद्रा चढवतात, त्यामुळे कंगवा अडत नाही. आंबट पदार्थ, म्हणजे दही किंवा व्हिनेगर, उचकटलेली कौलं पुन्हा बसवायला मदत करतात. मध वेगळ्या जातीचा. तो हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच बिघडतं. जून ते सप्टेंबर हवा आधीच ओलीचिंब असते. केस ती ओल पिऊन फुगतात, आणि त्यात मध लावला तर डोक्यावर पिंजलेला कापूस घेऊन ऑफिसला जावं लागतं.

हे सगळं केसांना लावायचं, टाळूला नाही. कानाच्या पातळीपासून खाली टोकापर्यंत, आणि टोकांना सगळ्यात जास्त. टाळू स्वतःचं तेल स्वतः बनवते. शिवाय कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. ज्यांना कोंडा आहे त्यांनी टाळूवर तेल-दही चोळणं म्हणजे तिला जेवायला वाढणं.

तयारी

पुढे जिथे मोठा चमचा म्हटलंय तो १५ मिलीचा, छोटा चमचा ५ मिलीचा. प्रमाण खांद्यापर्यंतच्या केसांचं आहे, कमरेपर्यंत असतील तर दुप्पट. सामान मोजकंच: रुंद दातांचा कंगवा, बारीक जाळीची चहाची गाळणी, एक जुना पंचा आणि न्हाणीघराच्या मोरीवर बसणारी जाळी. जाळी विसरू नका. केस, केळ्याचा गर आणि मेथीचा चोथा एकत्र झाले की पाइप असा तुंबतो की प्लंबरशिवाय सुटत नाही.

नवा पदार्थ असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून २४ तास थांबा. खाज, लाली, पुरळ काही आलं तर तो पदार्थ बाद. खायला चालतो म्हणजे त्वचेला चालेलच असं नसतं.

आणि त्या दिवशी पाणीकपात नाही ना, हे बघून घ्या. डोक्याला दही लावलेलं आणि नळ कोरडा, ही वेळ कुणावर येऊ नये.

पहिली पायरी: धुण्याआधी खोबरेल

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. खोबरेलात साधारण निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे हे तेल केसाच्या आतपर्यंत शिरतं, सूर्यफुलाचं तेल किंवा मिनरल ऑइल बहुतांशी वरच राहतं. आत शिरलेल्या तेलामुळे धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी निघून जातं. म्हणून तेल धुण्याआधी लावायचं. धुतल्यावर लावलं तर फक्त वरची चमक मिळते.

दोन छोटे चमचे पुरतात. तळहातावर चोळून आधी टोकांना, मग मधल्या भागाला. किमान अर्धा तास ठेवा, रात्रभर ठेवलं तरी हरकत नाही. आपल्याकडे वाटीभर तेल थापून चप्प वेणी घालण्याची सवय असते. मग ते काढायला तीनदा शाम्पू लागतो आणि जेवढं कमावलं तेवढं शाम्पू घेऊन जातो.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळी बाटलीत गोठलेलं दिसलं तर ते बिघडलेलं नाही. बाटली गरम पाण्याच्या मगात पाच मिनिटं उभी करा. गॅसवर तापवायची गरज नाही. एरंडेल लावायचंच असेल तर एक भाग एरंडेलाला तीन भाग खोबरेल. नुसतं एरंडेल इतकं दाट असतं की लांब केसांची कधीकधी नमद्यासारखी गाठ बनते आणि ती कात्रीनेच काढावी लागते.

दह्याचं कंडिशनर

नवख्यांनी इथून सुरुवात करावी. पदार्थ घरातच असतो, आणि चुकलं तर फारसं नुकसान होत नाही.

१. म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचं ताजं दही, मोठे ४ चमचे. पंचात बांधून २० मिनिटं टांगा म्हणजे पाणी निथळेल आणि मानेवरून ओघळ येणार नाहीत. फ्रीजमधलं दही तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

२. रवीने किंवा काट्याने एकजीव घोटा. गुठळी राहिली तर ती केसात वाळते आणि कोंडा झाल्यासारखी दिसते.

३. त्यात १ छोटा चमचा खोबरेल थेंबथेंब घालत घोटा. दही थंडगार असेल तर तेल लगेच थिजून साबुदाण्यासारखे दाणे होतात. तसं झालं तर वाटी कोमट पाण्यात ठेवून पुन्हा घोटा, किंवा खोबरेलाऐवजी तिळाचं तेल घ्या, ते थिजत नाही.

४. केस ओले करून पाणी पिळून टाका. ठिबकणाऱ्या केसांवर दही टिकत नाही आणि पूर्ण कोरड्या केसांवर सारखं पसरत नाही.

५. केसांचे चार भाग करा. प्रत्येक भागाला कानापासून खाली बोटांनी लावा, रुंद कंगवा एकदाच फिरवा, वर गुंडाळून क्लिप लावा.

६. २० ते २५ मिनिटं. जास्त वेळ ठेवल्याने जास्त फायदा होत नाही, दही वाळतं आणि मग ओढून काढावं लागतं.

७. साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्याने किमान तीन मिनिटं धुवा. गरम पाणी ओतलंत की दही फाटतं, त्याचे कण केसाला चिकटतात आणि दुपारपर्यंत डोक्याला आंबूस वास येतो. लोक दह्याला नावं ठेवतात, चूक बहुतेकदा गीझरची असते.

८. अर्धा मग पाण्यात १ छोटा चमचा शाम्पू विरघळवून तो फक्त टाळूला लावा. लांबीला खाली ओघळणारा फेस पुरतो.

चार दिवसांचं आंबट ढोण दही जास्त गुणकारी असतं हा समज सोडा. जास्त आंबट दह्याने खाजवलेली टाळू चरचरते, एवढाच त्याचा गुण.

नारळाच्या दुधाची साय

जाड, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना दह्यापेक्षा हे जास्त मानवतं. सोलकढीसाठी काढतो तसं पहिलं दूध काढायचं: अर्ध्या नारळाचा चव, अर्धी वाटी कोमट पाणी, मिक्सरमध्ये एक मिनिट, मग पंचातून घट्ट पिळून घ्या. गाळणीतून गाळू नका, खोबऱ्याचे कण जातात आणि ते केसांतून झटकता झटकत नाहीत. दूध उभ्या ग्लासात फ्रीजमध्ये ३-४ तास ठेवलं की वर दाट साय धरते. ती चमच्याने अलगद काढा. साधारण २-३ मोठे चमचे मिळतात. खालचं पाणी आमटीत घाला.

ही साय ओलसर केसांना लावून वर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळा, कारण फ्रीजमधून आलेली साय घट्ट असते आणि उबेशिवाय पसरत नाही. ३० मिनिटांनी धुवा. बाजारातलं पाकिटातलं बिनसाखरेचं नारळाचं दूध चालेल. पावडर नको, तिच्यात बहुतेकदा पिठूळ पदार्थ मिसळलेले असतात आणि केस चिकट होतात. बारीक, पातळ केसांना हा प्रकार जड पडतो. त्यांनी साय एकच चमचा घ्यावी आणि फक्त शेवटच्या चार बोटांना लावावी.

न्हाणीघराची फरशी यानंतर तुपासारखी निसरडी होते. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या आधी आंघोळ करू नका, किंवा लगेच साबणाने फरशी घासा.

जवसाचं जेल

पावसाळ्यात कामी येतं ते हे. मोठे ३ चमचे अख्खे जवस, अर्धा लिटर पाणी. भाजलेले किंवा कुटलेले जवस चालत नाहीत, भाजल्याने बुळबुळीतपणा नीट सुटत नाही आणि कुटलेल्यांची लापशी होते. वाण्याकडे मिळतात तेच घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याला गेलात तर सुटे मिळतील, पण तेवढ्यासाठी वाशीचा मसाला बाजार गाठायची गरज नाही.

मध्यम आचेवर उकळी आणा, मग आच मंद करून सतत ढवळा. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होतं आणि चमच्यातून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तिथेच गॅस बंद. ‘थंड झाल्यावर गाळू’ म्हटलंत की संपलं, जेल बियांना इतकं घट्ट धरतं की गाळणीतून थेंब उतरत नाही. गरम असतानाच गाळा, हात सांभाळून. उशीर झालाच तर अर्धा कप पाणी घालून पुन्हा गरम करा.

धुतलेल्या, ओल्या केसांना २ छोटे चमचे जेल लावा आणि तसंच राहू द्या, धुवायचं नाही. वाळल्यावर केस थोडे कडक वाटले तर तळहातावर दोन थेंब खोबरेल घेऊन केस मुठीत दाबून सोडा. पांढरी साल निघू लागली तर जेल जास्त झालं किंवा खाली दुसरं क्रीम आहे. जेल फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. ओट्यावर विसरलात तर आपल्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी आंबतं. वास बदलला की फेकून द्या.

बाकीचे

अंड्याचा फक्त पिवळा बलक घ्या, त्यात लेसिथिन आणि स्निग्धांश असतो. पांढरा भाग वाळून पापडासारखा ताणतो. बलक चहाच्या गाळणीतून गाळा म्हणजे वरचा पडदा निघून जाईल. त्यात एक छोटा चमचा तेल, दोन चमचे पाणी, २० मिनिटं, आणि धुताना गार पाणीच. गरम पाण्याने डोक्यावर भुर्जी होते आणि ती वेचत बसावं लागतं. कच्चं अंडं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

केळ्याची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. लावायचंच तर साल काळी पडलेलं केळं मिक्सरमध्ये थोड्या नारळाच्या दुधाबरोबर अगदी बारीक करा आणि गाळून घ्या. काट्याने कुस्करलेलं केळं केसांत गेलं की त्याचे तंतू दोन दिवस निघत राहतात.

मेथी दोन मोठे चमचे, एक कप पाण्यात रात्रभर. वाटून लावण्यापेक्षा वरचं बुळबुळीत पाणी गाळून लावा, दाणे भाजीत टाका. वास मात्र दोन दिवस राहतो, याची तयारी ठेवा. कोरफडीचं पान कापून १५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. त्या चिकानेच अनेकांना खाज येते. मग साल काढून, गर धुऊन, वाटून, गाळून घ्या. मध नोव्हेंबर ते फेब्रुवारीच, आणि तोही चार मोठे चमचे दह्यात एक छोटा चमचा.

व्हिनेगर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, शाम्पूनंतर केसांवरून ओतायचं आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुवायचं. जड पाण्याने बसलेली साबणाची साय याने सुटते. पंधरवड्यातून एकदा पुरे. लिंबाचा रस त्याऐवजी नको, त्वचेवर राहून ऊन लागलं तर काळे डाग किंवा फोड येऊ शकतात. खाण्याचा सोडा तर अजिबात नाही. तो अल्कधर्मी असतो आणि उरलीसुरली कौलंही उचकटतो. बेसन आणि मुलतानी माती तेल शोषतात. तेलकट केसांना त्यांचा उपयोग, तुमचे केस कोरडे आहेत.

धुतल्यानंतर

ओला केस ताणला की सहज तुटतो. टॉवेलने खसाखसा पुसू नका, पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट गुंडाळून दाबा. गुंता टोकांकडून सोडवत वर या. ओले केस सोडून ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभं राहणं हा केस वाळवायचा मार्ग नव्हे, तिथल्या वाऱ्यात झालेला गुंता सोडवताना जेवढे केस तुटतात तेवढे आठवडाभराच्या कंगव्याने तुटत नाहीत. सैल वेणी घाला, वर ओढणी घ्या. तरणतलावात जात असाल तर उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून थोडं खोबरेल लावा. भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी पितो.

लेप आठवड्यातून एकदाच.

बिघडलं तर

केस चपटे, चिकट, धूळ धरणारे झाले: तेल किंवा साय जास्त झाली, किंवा टाळूपर्यंत गेली. पुढच्या वेळी प्रमाण निम्मं, आणि एकदा लांबीलाही शाम्पू.

केस ओले असताना रबरासारखे ताणले जातात आणि परत येत नाहीत: हे रंगाने, स्ट्रेटनिंगने किंवा सतत भिजत राहिल्याने होतं. रात्ररात्रभर ओले लेप ठेवणं बंद करा, धुण्याआधीचं खोबरेल तेवढं चालू ठेवा.

केस ताठ, काडीसारखे झाले: अंडं, दही फार वेळा लागलं असेल. दोन-तीन आठवडे फक्त तेल किंवा नारळाची साय.

काहीच फरक नाही: पुन्हा बादलीकडे जा.

टाळूवर जखम, पू किंवा जाड खपल्या असतील तर यातलं काहीच लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. केस चट्ट्याचट्ट्याने जात असतील तरीही तेच. आणि पाणी, शाम्पू, सवयी काहीही न बदलता केस राठ होत चालले असतील, जोडीला थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलं की केस असेच होतात.

टोकाला फाटा फुटलेला केस मात्र दही, साय, जेल यांतल्या कशानेही पुन्हा जुळत नाही. लेप लावला की दोन दिवस चिकटल्यासारखा दिसतो, पुन्हा धुतला की उलगडतो, आणि फाटा वर वर चढत जातो. फाट्याच्या वर अर्धा इंच कापून टाका आणि मग पहिलं दही विरजा.